अर्धांगवायूनंतर आई-वडिलांना घरी आणलं. आता थेरपी मागायची कशी?

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या कशा लिहिलेल्या असतात ते पाहा. नाव, मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, ३० दिवस. त्याच कार्डाच्या तळाशी, डॉक्टरांच्या सहीच्या जरा वर, थेरपीसाठी तीन शब्द असतात : 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, कोणाकडून, काय साधण्यासाठी, यातलं काहीच नसतं. अर्धांगवायू झालेल्या आईला किंवा वडिलांना घेऊन माणसं घरी येतात आणि मग लक्षात येतं, की ज्या गोष्टीवर पुढचं चालणं, बोलणं, स्वतःच्या हातानं जेवणं अवलंबून आहे तिचाच डोस कोणी सांगितलेला नाही.

थेरपीलाही गोळीसारखाच डोस असतो. तो आपणहून कोणी लिहून देईल याची वाट बघू नका, मागून घ्या. मागायला सोपं जावं म्हणून आधी थोडी माहिती हवी.

सुधारणा होते ती कशामुळे

गुठळीमुळे किंवा रक्तस्रावामुळे मेंदूचा काही भाग मरतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही माणूस सुधारतो. एक तर सुरुवातीच्या आठवड्यांत आजूबाजूची सूज ओसरते आणि नुसते बंद पडलेले भाग पुन्हा कामाला लागतात. दुसरं म्हणजे मेंदूचे शाबूत भाग नव्या जोडण्या करून गेलेल्या भागाचं काही काम उचलतात. ही दुसरी गोष्ट सरावाशिवाय होत नाही, आणि ज्याचा सराव कराल तेच सुधारतं. पलंगावर झोपून पाय वर-खाली केल्यानं पाय वर-खाली करणं जमेल. उभं राहणं जमायला उभंच राहावं लागतं.

पहिल्या ३ महिन्यांत वेग सगळ्यात जास्त असतो. ६ महिन्यांपर्यंत तो बराच टिकतो, पुढे मंदावतो पण थांबत नाही. म्हणून दोन चुका टाळायच्या. 'आधी जरा अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम' म्हणत पहिला महिना झोपून घालवणं ही एक. 'वर्ष झालं, आता काही होणार नाही' म्हणून सगळं सोडून देणं ही दुसरी.

मेंदूची कोणती बाजू गेली हे विचारून ठेवा. डावी बाजू गेली तर उजवा हात-पाय लुळा पडतो आणि अनेकांची भाषा अडखळते. उजवी गेली तर डावं अंग जातं, बोलणं बऱ्यापैकी ठीक असतं, आणि तिथेच घरचे फसतात. अशा रुग्णाला कधी कधी डावीकडचं जगच जाणवत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची पोळी तशीच राहते. आपला पाय चालत नाही हेही त्यांना पटलेलं नसतं. 'मला काय धाड भरलीय' म्हणत ते एकटेच उठतात आणि पडतात. हा हट्ट नसून आजाराचाच भाग आहे. ज्यांचं डावं अंग गेलं आहे त्यांना पहिले काही आठवडे एकटं ठेवू नका.

किती थेरपी पुरेशी

उपचार कसे असावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०२३ मध्ये अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनाच्या सूचना सुधारल्या. त्यात ज्यांना गरज आहे त्यांना दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस थेरपी द्या, असं म्हटलं आहे. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी मिळून हे ३ तास. आपल्याकडे घरी येणारा फिजिओ ४०-४५ मिनिटं देतो, तेही अनेकदा दिवसाआड. म्हणजे मोठी तूट आहे, आणि ती भरून काढायची जबाबदारी घरच्यांवर येऊन पडते.

इथे एक भारतीय अभ्यास माहीत असायला हवा. देशातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला पुनर्वसनाचं शिक्षण देऊन घरी व्यायाम करून घ्यायला सांगितलं, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. ६ महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के निघालं. घरच्यांचे कष्ट वाया जातात असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. त्यातून दिसतं ते इतकंच, की घरच्या माणसाला थोडंफार शिकवून थेरपिस्टची जागा भरून निघत नाही. तुम्ही कितीही जीव ओतला तरी थेरपिस्ट लागतोच. तेव्हा 'घरच्या घरी करून घ्या, सोपं आहे' असं कोणी सांगून वाटेला लावत असेल तर ते मुकाट्यानं मान्य करू नका.

घरच्यांचं खरं काम वेगळं आहे. थेरपिस्टनं नेमून दिलेला सराव दिवसभरात पुन्हा पुन्हा घडवून आणायचा, आणि हाताळणीत इजा होऊ द्यायची नाही. हात सुधारण्याच्या बाबतीत आकडा बोलका आहे : अमेरिका आणि कॅनडात थेरपीच्या सत्रांचं निरीक्षण केलं तेव्हा एका सत्रात हाताची कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होत असल्याचं दिसलं. ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो वेळा सराव लागला होता. मधलं अंतर दिवसभराच्या कामांतूनच भरून निघतं.

कोणाकडे काय मागायचं

घरोघरी फक्त 'फिजिओवाला' माहीत असतो. खरं तर चार जण लागतात. फिजिओथेरपिस्ट बसणं, उभं राहणं, तोल, चालणं बघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, हाताचं काम, अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाकघर बघतो, आणि घरात कुठे काय बदलायचं हेही सांगतो. स्पीच थेरपिस्ट बोलण्यासाठी असतो हे नावावरून कळतं, पण गिळण्याची तपासणीही तोच करतो हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि या तिघांवर देखरेख करणारा पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर असतो. त्याच्या विभागाच्या पाटीवर 'पीएमआर', म्हणजे 'फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन', असं लिहिलेलं असतं.

मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, केंद्र सरकारची. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओ आणि ओटी दोन्ही आहेत. बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजातही फिजिओ आणि ओटी हे दोन्ही विभाग आहेत, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. बाकीच्या जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातला फिजिओथेरपी विभाग आणि जवळचं एखादं फिजिओथेरपी कॉलेज, हे दोन पत्ते आधी शोधा. कॉलेजच्या ओपीडीत फी कमी असते, शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, आणि खासगीत न मिळणारी गोष्ट, म्हणजे वेळ, तिथे मिळते.

गावाहून येणाऱ्यांना एक सल्ला. महिन्यातून एकदा शहरात येऊन १५ मिनिटं दाखवून जाण्यापेक्षा पहिल्या ३ महिन्यांतलेच सलग ३-४ आठवडे शहरात राहा, नातेवाइकांकडे राहा, नाहीतर खोली घ्या, आणि रोज थेरपी करा. खर्च आधी डोळ्यांत भरतो, पण तोच पैसा वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी गेला तर त्याचा उपयोग फार कमी होतो.

हॉस्पिटलातून निघण्यापूर्वी

गिळण्याची तपासणी झाली का, हा पहिला प्रश्न. झाली नसेल तर घरी नेण्यापूर्वी करून घ्या.

दुसरं, बार्थेल स्कोअर लिहून मागा. जेवण, अंघोळ, आवरणं, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिने या १० गोष्टींना मिळून १०० गुण असतात. आज ३५ असतील तर ४ आठवड्यांनी किती, हे बघता येतं. हा आकडा नसेल तर पुढे 'बरं वाटतंय का' 'हो, थोडं बरंय' एवढ्यावरच सगळं चालतं.

तिसरं, थेरपीची वेगळी चिठ्ठी. तिच्यात निदान, कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे आणि उद्दिष्ट काय, हे सगळं असावं. मागताना असं म्हणा : 'डॉक्टर, गोळ्यांसारखंच थेरपीचंही प्रिस्क्रिप्शन लिहून द्याल का? विम्यालाही लागेल.' विम्याचं नाव काढलं की चिठ्ठी लवकर मिळते, आणि ती खरोखर लागतेही. बऱ्याच पॉलिसींत हॉस्पिटलातून सुटल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च धरलेला असतो. डॉक्टरांनी लेखी सांगितलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते, मात्र प्रत्येक पावतीवर तारीख, थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. फिजिओ नि ओटींची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते, स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. क्रमांक विचारण्यात संकोच नको. ज्याच्याकडे नोंदणी आहे तो रागावत नाही.

चौथं, लघवीची नळी असेल तर ती का ठेवली आहे आणि कधी काढायची, हे विचारा. नुसती सोयीसाठी राहिलेली नळी जंतुसंसर्गाचं घर होते.

पाचवं, पलंगावरून खुर्चीत बसवणं थेरपिस्टसमोर तुम्ही स्वतः दोनदा करून दाखवा. त्यांनी करताना बघणं आणि आपण करणं यात फार फरक आहे. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. सीटी-एमआरआयची सीडीही घेऊन ठेवा.

खांदा

अर्धांगवायूनंतर घरात होणाऱ्या इजांमध्ये सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखी ही, आणि वारंवार होणारीही. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेला चेंडू. तो जागेवर राहतो तो स्नायूंच्या बळावर. स्नायू लुळे पडले की हाताचं सगळं वजन सांध्यावर लोंबकळतं आणि चेंडू खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट दाबलं तर खाच लागते. त्यात कोणी 'चला बाबा, उठा' म्हणत हात धरून ओढलं, की आतल्या ऊती ताणल्या जातात, फाटतात. मग खांदा दुखायला लागतो, दुखतो म्हणून हात हलवू देत नाहीत, हलत नाही म्हणून सांधा आखडतो, आणि हाताची थेरपीच बंद पडते.

म्हणून : हात धरून ओढायचं नाही. काखेत हात घालून उचलायचं नाही. दाराला कप्पी बांधून चांगल्या हातानं लुळा हात वर ओढायचा व्यायाम करायचा नाही, कोणी कितीही सांगितला तरी. झोपताना, बसताना तो हात उशीवर टेकलेला हवा, लोंबकळता नको. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना; दिवसभर घातली तर हात छातीशी वळून तिथेच घट्ट होतो. लुळ्या अंगावर झोपवायला हरकत नाही, उलट चांगलं. फक्त खांद्याच्या टोकावर भार न येता तो थोडा पुढे काढून ठेवायचा. सदरा चढवताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी.

हे सगळं तुम्हाला पाठ होईल, पण रुग्ण सांभाळायला ब्युरोकडून येणारी माणसं बदलत राहतात. मोठ्या अक्षरात कागद लिहून पलंगाच्या वर चिकटवा : 'उजवा हात ओढू नका. कमरेला धरा.' याचा उपयोग होतो.

पलंगावरून खुर्चीत

खुर्ची चांगल्या अंगाच्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. चाकं असतील तर दोन्ही ब्रेक लावा. पायातले मोजे काढा, फरशीवर मोजे घसरतात. आईला पलंगाच्या काठाशी पुढे सरकवून बसवा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघ्यांच्या जरा मागे. तुम्ही समोर उभं राहून तुमचा गुडघा तिच्या लुळ्या पायाच्या गुडघ्यासमोर टेकवा, म्हणजे तो वाकून कोसळणार नाही. हात तिच्या कमरेच्या पट्ट्याला. रुंद कापडी पट्टा चालतो, साडीची गाठ नाही. आता तिला पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे येईल इतकं. 'एक, दोन, तीन' म्हणून तिच्याबरोबर उठा, पावलं थोडी थोडी वळवा, मांड्यांना मागे खुर्ची लागली की हळूच बसवा.

चुकतं ते बहुतेक वेळा पुढे वाकण्यात. माणसं सरळ वर उचलायला जातात, आणि बसलेला माणूस मागे झुकलेला असेल तर पैलवानालाही उचलत नाही. दुसरी चूक म्हणजे तुमच्या गळ्यात हात घालू देणं. तोल गेला तर दोघंही पडता आणि तुमची कंबर धरते ती वेगळीच. पलंगाची उंची बसल्यावर गुडघे काटकोनात येतील इतकी हवी. फार खाली असेल तर पायांखाली ठोकळे लावा.

घरातले बाकीचे बदल साधे आहेत. न्हाणीत कमोडची खुर्ची आणि चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीतली पक्की दांडी, टॉवेलची नव्हे. पायपुसणी उचलून टाका. मोरीच्या उंबऱ्याला रंगीत पट्टी लावा. काठी चांगल्या हातात, उंची मनगटाच्या घडीइतकी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

चहा-बिस्किटाचा धोका

गिळणं बिघडलं की पातळ पदार्थ जास्त अवघड जातात, घट्ट नव्हे. पाणी, ताक, चहा घशात इतक्या झपाट्यानं उतरतात, की श्वासनलिकेचं झाकण वेळेत बंद होत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट त्याहून वाईट : तोंडात लगदा आणि पाणी दोन्ही एकदम, आधी काय गिळायचं हेच घशाला कळत नाही. चिवडा, कुरमुरे, कोरडी चटणी कणकण होऊन घशात पसरतात. मऊ, एकजीव, ओलसर खाणं सोपं. घट्टसर वरण-भात, दही, मऊ खिचडी, शिरा.

जेवताना ताठ बसवा, पलंगावर रेलून नाही. अर्धा चमचा घास, चांगल्या बाजूच्या गालाकडे. तो गिळल्यावर पुढचा. टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलेलं असतं, ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा आणि पुढची ३० मिनिटं बसलेलेच राहू द्या. तोंड रोज दोनदा नीट घासा. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो.

जेवताना खोकला, जेवणानंतर ओला, घुरघुरणारा आवाज, डोळ्यांत पाणी, वारंवार बारीक ताप यातलं काही दिसलं तर तोंडानं देणं थांबवून डॉक्टरांना लगेच विचारा आणि स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्या. काहींना ठसकाही न लागता अन्न फुप्फुसाकडे जातं, म्हणून 'ठसका लागत नाही म्हणजे ठीक आहे' असं धरू नका.

नाकातून नळी असेल तर दर वेळी देण्यापूर्वी नाकपुडीशी असलेली खूण जागेवर आहे का बघा. सरकलेली दिसली तर काही देऊ नका. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा, देताना आणि नंतर तासभर. शेवटी पाणी सोडून नळी धुवा. कोणती गोळी कुटायची आणि कोणती नाही हे केमिस्टला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण डोस एकदम अंगात जातो.

घरी येणारा फिजिओ चांगला कशावरून ओळखायचा

पहिल्या दिवशी तो तपासतो, विचारतो : आधी काय काम करायचे, घरात जिना आहे का, संडास कसा आहे. दोन आठवड्यांचं उद्दिष्ट सांगतो, तेही डोळ्यांना दिसेल असं. 'ताकद वाढवायची' असं नव्हे, तर 'एका माणसाच्या आधारानं पलंगावरून खुर्चीत'. सत्र संपताना रुग्ण दमलेला असतो, कारण हालचाल त्यानं केलेली असते. आणि तुम्हाला दोन-तीन गोष्टी नेमून देतो, किती वेळा करायच्या त्या आकड्यासह.

उलट, रुग्ण पलंगावर आडवा, फिजिओ त्याचे हातपाय हलवतोय, मग विजेच्या शॉकचं यंत्र लावून फोन बघतोय, आणि महिन्यानंतरही तेच चाललं आहे, असं असेल तर बदला. यंत्राला जागा आहे, पण सरावाबरोबर. बदलण्यापूर्वी एकदा सरळ विचारून पाहा : 'या दोन आठवड्यांत आपण काय साधणार आहोत? मी दिवसभरात काय करून घेऊ?' कामाची आस्था असलेल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा आनंदच होतो.

दिवसभराचा सराव घरच्या कामांतून काढा. हात जरासाच हलत असेल तर टेबलावर टॉवेल ठेवून तो पुढे ढकलायचा, २० वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. बोटं थोडी उघडत असतील तर मटारच्या शेंगा एका वाटीतून दुसरीत, डब्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे. कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहा. मऊ बॉल दाबत बसवू नका : मूठ आधीच वळत असते, शिकायचं असतं ते उघडणं.

बोलणं गेलं असेल तर लक्षात ठेवा, बुद्धी गेलेली नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. एका वेळी एक प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. वस्तू दाखवत विचारा. आरती, पाढे, हरिपाठ हे कित्येकांना सबंध म्हणता येतात आणि 'पाणी' हा एक शब्द मात्र येत नाही. पाठांतर वेगळ्या वाटेनं येतं. ते म्हणून घ्या, पण शब्द शोधायचा सराव स्पीच थेरपिस्टकडूनच नीट बसतो.

सुधारणा अडली तर

दर ४ आठवड्यांनी बार्थेल स्कोअर पुन्हा काढा. आकडा हलत नसेल तर 'वय झालंय' म्हणण्यापूर्वी कारण शोधा. खांदा दुखतोय का. स्नायू ताठ होऊन मूठ किंवा टाच उघडत नाही का. त्यावर स्प्लिंट (सांधा नीट धरून ठेवणारी पट्टी), औषधं, बोटॉक्सची इंजेक्शनं असतात. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, झोप आणणारी एखादी गोळी यांनीही माणूस मलूल होतो. आणि नैराश्य. अर्धांगवायू झालेल्यांपैकी साधारण तीनांत एकाला ते येतं. घरात त्याला 'इच्छाशक्तीच नाही', 'हट्टी झालेत' म्हणतात. त्यावर उपचार आहेत, आणि ते सुरू झाले की थेरपीला माणूस उभा राहतो. विनाकारण एकदम रडू कोसळणं हाही बऱ्याचदा मेंदूच्या इजेचा परिणाम असतो, तेही डॉक्टरांना सांगा.

मालिश करणाऱ्याला बोलावण्याचा आग्रह नातेवाईक करतातच. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. जोरात रगडणं आणि खांदा ओढणं नको. एका पायाची पोटरी सुजलेली, गरम असेल तर मालिश बिलकूल नाही, आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. कबुतराचं रक्त लावल्यानं अर्धांगवायू बरा होत नाही. गरम पाण्याची पिशवी लुळ्या अंगाला लावू नका : संवेदना नसते, भाजलेलं कळत नाही. झोपून असतील तर दर २ तासांनी कूस बदला, आणि माकडहाड, टाचा रोज बघा. बोटानं दाबूनही पांढरी न होणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात.

नव्यानं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बोबडं झालं, तर ती वेळ घड्याळात बघून लिहा आणि १०८. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या 'आता बरं आहे' म्हणून बंद करायच्या नाहीत.

पैशाचं थोडं

७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते भरती असतानाच्या उपचारांसाठी आहे, घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे त्यातून मिळत नाहीत. अपंगत्व राहिलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. मेंदूच्या आजारात तपासणी साधारण ६ महिन्यांनंतर होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सांभाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,०००. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७.

पुढच्या ओपीडीला जाताना

डॉक्टरांच्या पाच मिनिटांत 'चालतात का?' या प्रश्नाला 'हो, थोडं' असं उत्तर देऊन उठू नका. मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ न्या, प्रत्येकी अर्धा मिनिट : पलंगावरून उठताना, चालताना, जेवताना. चालतानाचा बाजूनं घ्या, पावलं दिसतील असा, पायातले कपडे घोट्याच्या वर दुमडून. पुढचा पंजा जमिनीला घासतोय का, गुडघा मागे झटकतोय का, हे त्यात दिसतं, आणि घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा एएफओ नावाचा स्प्लिंट लागेल का, हे त्यावरून ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं. बरोबर रक्तदाबाची वही, बार्थेलचे दोन आकडे, आणि एका कागदावर तीनच प्रश्न. पहिला प्रश्न थेरपीच्या डोसचा, आणि त्याचं उत्तर त्याच कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.